सव्वादोनशेचा पाढा

साडूनं एकदा दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कुणालाही दुरुस्त करता येत नाही, हा मिस्त्रीचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. मेहुणीच्या न्हाणीघरातला नळ साडूनं दुरुस्त केला, तेव्हापासून तो ना धड बंद होत होता, ना धड उघडत होता. त्याच्याखाली कायमची एक बादली होती आणि घरात तिला 'बाबांची बादली' म्हणत. भिंतीवरचं घड्याळ साडूनं उघडलं, पुसलं, तेल घातलं, लावलं, आणि दोन स्क्रू उरले ते खिशात टाकले. तेव्हापासून ते दिवसाला चाळीस मिनिटं मागे पडे. साडूचं म्हणणं, आत्ता कुठे ते बरोबर चालतंय, आधी उगाच घाईत होतं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर साडू शीळ वाजवी. ओठांच्या एका कोपऱ्यातून निघणारी, सुराशी काडीमोड घेतलेली शीळ. ती ऐकू आली की मेहुणी स्वयंपाकघरातून विचारी, "आता काय मोडलंत?"

साडूला सगळे कर्नल म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच, की पाणीपुरवठ्याच्या ज्या कचेरीत त्यानं आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढली, तिच्या खिडकीतून एका छावणीची मागची भिंत दिसे. मिशा राखल्या, पितळी बटणांचा कोट शिवला, तेव्हा कचेरीतल्या शिपायानं चेष्टेनं 'या कर्नलसाहेब' म्हटलं. चेष्टा कळायला जी थोडी अक्कल लागते ती नसल्यामुळे साडूनं ती पदवी समजून ठेवून घेतली. निवृत्तीनंतर तो गावाबाहेरच्या रायफल क्लबाचा सचिव झाला, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

त्याच क्लबात, गोळीबाराच्या पट्ट्यामागच्या पत्र्याच्या खोलीत, मिस्त्री बंदुका दुरुस्त करी. नळ्या साफ करणं, घोडा दाबायला लागणारा जोर ठीक करणं, दुर्बिणी बसवणं, अशी कामं. क्लबात सगळे त्याला मिस्त्री म्हणत, त्याचं काही वाटून घ्यायचं कारण नव्हतं. पण साडू घरीही मिस्त्रीच म्हणे. पंगत बसली की, "अगं, मिस्त्रीला वाढा आधी, त्याला लवकर भूक लागते." मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणून मान त्याचा. मिस्त्री मान खाली घालून जेवे आणि नाकातून हसे.

हे नाकातलं हसू म्हणजे त्याची एकुलती एक शस्त्रसामग्री. खोलीतल्या फळीवर त्याची पंधरा-वीस पुस्तकं होती, गोळीच्या उड्डाणाची, वाऱ्याची, धातूंची. सगळी वाचून कोपरे दुमडलेली. कुणी काही विचारलं तर तो अर्धं उत्तर देई, मग आपलंच चुकत असेल असं वाटून गप्प होई. समोरचा चुकीचं बोलला तर मात्र एक शब्द बोलत नसे. नाकातून एवढासा वारा सोडी, फुस्. दिवसातून किती वेळा, त्याची गणती नव्हती.

कारण क्लबातले लोक तसलेच होते. दातांच्या डॉक्टरांनी रायफलीपेक्षा महाग दुर्बीण घेतली होती आणि तिच्यातून उलट्या बाजूनं कसं दिसतं हे ते पाहुण्यांना दाखवत. सगळेजण शंभर मीटरवर झिरो लावत. झिरो म्हणजे काय, तर ज्या अंतरावर दुर्बिणीतली फुली आणि गोळी एकाच जागी भेटतात ते अंतर. शंभरच का, असं विचारलं तर उत्तर एकच: पट्टा शंभर मीटरचा आहे. म्हणजे घरातला जिना बारा पायऱ्यांचा, म्हणून जग बारा पायऱ्या उंच.

आणि कर्नलची विद्या तर त्याहून पुढची. "हे बघा," तो नव्या सभासदांना सांगे, "गोळी शंभर मीटरपर्यंत सरळ जाते. मग ती थकते."

फुस्.

कर्नलला एक मुलगी होती. वय एकोणतीस. औषधांच्या दुकानात उभं राहून चिठ्ठ्यांवरची डॉक्टरी अक्षरं लावायची तिची नोकरी. ही एवढी सरळ पोर त्या घरात कुठून आली, याचं मिस्त्रीला नवल वाटे. लहानपणी सुट्टीत ती मावशीकडे, म्हणजे मिस्त्रीकडेच असे. मिस्त्रीनं तिला शाळेत कुणी शिकवत नाही ते सगळं शिकवलं होतं: पावकी, निमकी, सवायकी. सवायकी ती झोक्यावर बसून म्हणे, एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच. मोठी झाल्यावर तिनं क्लबाची जुनी रायफल हातात घेतली, आणि मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी ओळखलं की या हाताला भीती नाही आणि हौसही नाही. असे हात फार थोडे.

वनखात्याच्या नेमबाज पथकात जागा निघाल्या. जखमी आणि माजलेली जनावरं आवरायचं काम. भाचीनं अर्ज केला. लेखी झाली, धावणं झालं. उरली एकच परीक्षा, नेमाची. आणि तिशी पूर्ण झाली की अर्जच घेत नसत. म्हणजे हा रविवार, नाहीतर जन्मभर खोकल्याच्या बाटल्या.

आधीच्या मंगळवारी ती परीक्षेचा कागद घेऊन पत्र्याच्या खोलीत आली.

"काका, वाचा."

मिस्त्रीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. पाच पोलादी ताटं, प्रत्येक पंचवीस सेंटिमीटर रुंद. पन्नास ते अडीचशे मीटरमध्ये कुठंही टांगलेली. अंतर सांगणार नाहीत. प्रत्येक ताटाला एक गोळी. चार लागली तर पास. रायफल क्लबाची चालेल. मात्र हजेरीच्या वेळी दुर्बिणीच्या, नेम वर-खाली करणाऱ्या चकतीच्या टोपणावर कागदी पट्टी चिकटवून मोहोर करणार, ती फाटली तर बाद. उमेदवाराशी बाहेरच्या कुणी बोललं, तरी बाद.

"म्हणजे एकच झिरो लावायचा आणि त्याच्यावर सगळं निभवायचं," भाची म्हणाली. "बाबा म्हणतात शंभरवरच ठेव. हातची सवय मोडू नकोस म्हणतात."

फुस्.

"हसू नका. सांगा."

मिस्त्रीनं पेन्सिल घेतली. भाचीसमोर त्याला अर्ध्यावर थांबायला होत नसे. "रबरी नळीनं झाडाला पाणी घालताना काय करतेस? झाड लांब असलं की नळीचं तोंड जरा वर धरतेस. पाणी नळीतून सुटल्यासुटल्या पडायलाच लागतं. तोंड वर असतं म्हणून आधी चढल्यासारखं दिसतं. गोळीचं तेच. थकत-बिकत नाही ती. सुटल्या क्षणापासून पडतच असते. आता दुर्बीण बंदुकीच्या नळीच्या वर चार सेंटिमीटर बसलेली. डोळ्याची रेघ सरळ, गोळीची वाट कमानीची. ती रेघेखालून निघते, वीस-एकवीस मीटरवर रेघ ओलांडून वर जाते, आणि मग पुढे कुठंतरी परत खाली येताना रेघेला भेटते. ती दुसरी भेट कुठं ठरवायची, एवढाच प्रश्न."

"ताट पंचवीसचं. मध्यावर नेम धरला तर साडेबारा वर, साडेबारा खाली चालेल."

"शाबास. त्यातले थोडे तुझ्या हातासाठी ठेव, थोडे वाऱ्यासाठी. आता ही दुसरी भेट मी सव्वादोनशे मीटरवर ठरवतो." त्यानं आकडे मांडले, पुस्तकातून नव्हे, ह्याच रायफलीतून ह्याच गोळ्या मारून वर्षभरात मोजलेले. "पन्नासला चार वर. शंभरला नऊ वर. दीडशेला नऊ वर. दोनशेला साडेचार वर. सव्वादोनशेला शून्य. अडीचशेला सहा खाली. अंतर विचारायचंच नाही. मध्यावर फुली ठेवायची आणि घोडा दाबायचा. कुठंही ताट सुटत नाही."

भाचीनं ओठ हलवत ते दोनदा म्हटलं. पाढा म्हणताना ती अजूनही झोक्यावर बसल्यासारखी किंचित पुढेमागे होई.

"आणि शंभरवर लावली तर?"

इथं मिस्त्रीला मोह झाला. त्यानं कागद उलटा केला, वर 'कर्नलचा पाढा' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ ओढली. "पन्नासला काही नाही. शंभरला शून्य. दीडशेला चार खाली. दोनशेला तेरा खाली, म्हणजे ताट संपलं. अडीचशेला अठ्ठावीस खाली. म्हणजे गोळी थकली, आणि बिचारी ताटाखाली सावलीला जाऊन बसली."

भाची हसली. "काका, तुम्ही दुष्ट आहात."

"पाठ कर. पाहुण्यांपुढे म्हणायला होईल."

तिनं तेही पाठ केलं. गंमत म्हणून.

आता अडचण अशी की क्लबाचा पट्टा शंभरच मीटरचा. पण त्यासाठी डोंगर शोधायची गरज नव्हती. सव्वादोनशेची रायफल शंभरवर नऊ सेंटिमीटर वर मारते, तर शंभरवर नऊ वर लाव की झालं. चकतीची एक टिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. मिस्त्रीनं नऊ टिक वर फिरवल्या. शनिवारी दुपारी भाचीनं पाच गोळ्या मारल्या. पाची भोकं काळ्या वर्तुळाच्या वर, नऊ सेंटिमीटरवर, एका नाण्याखाली झाकतील अशी. मिस्त्रीनं पट्टीनं मोजलं, मग दुसऱ्या पट्टीनं मोजलं, कारण पहिली पट्टी चुकीची असू शकते. टोपण घट्ट लावलं. रायफल कपाटात ठेवली. कपाटाची एक किल्ली त्याच्याकडे असे, दुसरी सचिवाकडे.

भोकांचा तो कागद काढून ठेवायला हवा होता. तो खिळ्यावर तसाच राहिला.

संध्याकाळी कर्नल आला. बरोबर दातांचे डॉक्टर आणि आणखी दोन-तीन सभासद. कागदासमोर उभं राहून त्यानं मिशीवरून बोट फिरवलं.

"हे काय रे मिस्त्री?"

"उद्याची रायफल आहे."

"ते दिसतंय. पण नेम मध्यावर आणि भोकं आभाळात?" तो इतरांकडे वळला. "माझ्या मुलीची उद्या परीक्षा, आणि आमचे साडू कावळे मारतायत." मंडळी हसली. "डोळे तपासून घे रे बाबा. डॉक्टर, तुमच्या ओळखीचा कुणी आहे का डोळ्यांचा?"

"माझ्या हद्दीत फक्त दात," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा हशा.

मिस्त्रीच्या तोंडात सगळं तयार होतं. रबरी नळी, कमान, दोन भेटी, साडेबारा वर आणि साडेबारा खाली. दोन वाक्यं पुरली असती. पण समोर ती पितळी बटणं होती, आणि त्या बटणांना कमान समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सव्वीस वर्षांच्या पंगती आठवल्या. 'मिस्त्रीला वाढा.' राहू दे म्हणावं अज्ञानात, तिथंच शोभतो. शिवाय, इतक्या लोकांपुढे बोलताना आपलाच एखादा आकडा चुकला तर?

तो नाकातून हसला आणि फडकं शोधायच्या निमित्तानं आत गेला. आत गेल्यावर त्याला बरं वाटलं. हे मान्य केलं पाहिजे: त्या संध्याकाळी त्याला फार बरं वाटलं. बायकोनं विचारलंसुद्धा, "आज काय एवढं खुशीत?"

"तुझे भावजी," तो म्हणाला, "गाढव आहेत."

"हे आज कळलं?" बायको म्हणाली.

रविवारी परीक्षेचं मैदान म्हणजे एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तीन बाजूंना मातीचे उतार, चौथ्या बाजूला दोरी, दोरीमागे बाकं. उतारांवर पांढरी रंगवलेली ताटं, त्यांवर एक ते पाच आकडे. भाची कर्नलच्या गाडीतून आली. मिस्त्री आणि बायको बसनं आली. तोवर हजेरी झाली होती, टोपणावर पट्टी चिकटली होती, आणि भाची दोरीच्या पलीकडं, रायफल पाठीला लावून रांगेत पाचवी उभी होती. तिनं मिस्त्रीला पाहून मान हलवली. मिस्त्रीनंही हलवली.

कर्नल बाकावर पाय पसरून बसला होता आणि शीळ वाजवत होता.

मिस्त्री दोन पावलं चालला आणि थांबला. मग त्याला कळलं की आपण कशानं थांबलो.

"काय दुरुस्त केलंत?" त्यानं विचारलं.

"ये, बस. आभार नंतर मान." कर्नलनं बाकावर जागा केली. "सकाळी साडेसातला क्लबवर गेलो. म्हटलं, मिस्त्रीचं वय झालं, त्याची चूक पोरीला नको भोवायला. पाच गोळ्या मारल्या. नऊ टिक खाली. आता शंभरवर नेमकी मध्यात. कागद आणलाय, बघ." त्यानं कोटाच्या खिशातून घडी काढली. "नऊ टिक चुकला होतास तू. एक-दोन मी समजू शकतो."

कागदावरची भोकं इतस्ततः होती, एक तर कोपऱ्यात, पण त्यांचा मध्य मध्यातच होता. आयुष्यात पहिल्यांदा साडूनं एक गोष्ट नीट दुरुस्त केली होती.

मिस्त्री उभा राहिला. दोरीपासून भाची चाळीस पावलांवर. दोन शब्द पुरले असते, शंभरवर आहे. तेवढ्यात टेबलावरच्या अधिकाऱ्यानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि हातातल्या पेन्सिलीनं खाली बसायची खूण केली. बोललं तर बाद. मिस्त्री बसला. तो नियमानं बसला, की कुणी खूण केली की बसायची जन्माची सवय म्हणून बसला, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

"काय झालं हो?" बायकोनं हळूच विचारलं.

"काही नाही."

"तोंड पांढरं पडलंय."

"काही नाही म्हटलं ना."

पाचव्या उमेदवाराला पुकारलं. भाची चटईवर पालथी झाली. ताट क्रमांक एक समोरच्या उताराच्या वरच्या अंगाला, अडीचशेच्या आसपास. मिस्त्रीनं मनात म्हटलं, अठ्ठावीस खाली. मंगळवारी हाच आकडा त्यानं केवढ्या चवीनं लिहिला होता.

गोळी सुटली. ताटाखाली वीतभर अंतरावर मातीचा धुरळा उडाला. पांढरं ताट जागचं हललंसुद्धा नाही.

"हात हलला," कर्नल म्हणाला. "मी सांगत होतो, श्वास धर."

भाचीनं दस्त्यावरून गाल उचलला. रायफलीकडं पाहिलं, टोपणाकडं, त्यावरच्या अखंड पट्टीकडं. मग मान वळवून बाकांकडं पाहिलं. मिस्त्रीकडं नाही. बापाकडं. कर्नलनं अंगठा वर करून धीर दिला. ती परत वळली, आणि मिस्त्रीला दिसलं की चटईवर पालथं पडल्यापडल्या तिचे खांदे अगदी बारीक पुढेमागे हलतायत.

ती पाढा म्हणत होती. कोणता, ते इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता.

दुसरं ताट डाव्या उतारावर, दीडशेच्या जवळ. टण्ण. मिस्त्रीनं श्वास सोडला नाही. चार खाली म्हणजे तसंही लागलंच असतं. त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. तिसरं जवळचं, साठ-सत्तर मीटर. टण्ण. कर्नल बाजूच्या माणसाला सांगू लागला की मुलगी माझी, आणि झिरो पण माझाच.

चौथं दोनशेवर. इथं तेरा खाली, म्हणजे मध्यावर नेम धरला तर ताटाची खालची कड हुकणार, तीही अर्ध्या बोटानं. भाचीनं वेळ घेतला. अधिकाऱ्यानं घड्याळाकडं पाहिलं. टण्ण. आवाज भरीव होता, मध्यातला. मिस्त्रीनं बायकोचा हात धरलेला होता, हे त्याला बायकोनं तो सोडवून घेतल्यावर कळलं.

पाचवं उजव्या टोकाला, चौथ्याहून लांब आणि पहिल्याहून जवळ. दोनशे तीस असेल. एकवीस-बावीस खाली. म्हणजे फुली ताटावर ठेवायचीच नाही. ताटाच्या वर, रिकाम्या मातीवर, चार-पाच बोटं सोडून ठेवायची. दिसणाऱ्या ताटाला सोडून काही नसलेल्या जागी नेम धरायचा आणि तिथंच आयुष्य लावायचं. रायफलीचं तोंड केसभर वर झालं. आभाळात, मिस्त्रीला वाटलं. कावळे मारतेय.

गोळी सुटली. ताटाच्या खालच्या कडेवर एक ठिणगी, आणि ते गरागरा फिरलं.

अधिकाऱ्यानं कागदावर चार लिहिलं.

कर्नल बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. "बघितलंस मिस्त्री? मध्यात लावून दिली म्हणून. तुझ्या हिशोबानं गेली असती तर पाची गोळ्या आभाळात."

मिस्त्रीच्या नाकात हसू आलं नाही. नाकच बंद झाल्यासारखं वाटत होतं.

रायफल परत द्यायला भाची सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी आली. मिस्त्रीनं ती दोन्ही हातांनी घेतली. काय बोलावं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"कसं ओळखलंस?" एवढंच त्यानं विचारलं.

"हात माझा वीतभर हलत नाही, काका. आणि बाबा गाडीत सबंध रस्ता शीळ वाजवत होते." तिनं स्टूल ओढून घेतलं. "मला आधी वाटलं, एखादं घड्याळ मिळालं असेल. गोळी खाली गेली तेव्हा कळलं, मीच मिळाले होते दुरुस्तीला."

मिस्त्री हसला, मोकळं, तोंडानं. ती हसली नाही.

"शनिवारी त्यांनी तो कागद पाहिला तेव्हा तुम्ही होता ना इथं?"

"होतो."

"काय म्हणालात?"

मिस्त्री टोपणावरची पट्टी नखानं खरवडू लागला.

"काही नाही म्हणालात," भाची म्हणाली. "हसलात. ते तुमचं नाकातलं. मला माहीत आहे ते, मी त्याच्यासमोर मोठी झालेय. बाबांना आयुष्यात कुणी काही समजावलंच नाही. आई बादली ठेवते आणि तुम्ही हसता."

"त्याला समजलं नसतं गं."

"नसतंच समजलं. पण 'हात लावू नका' एवढं तर समजलं असतं ना?" ती उठली. "पहिली गोळी माझी होती, काका. बाबांची नव्हती आणि तुमचीही नव्हती."

दारापर्यंत जाऊन ती थांबली. "कर्नलचा पाढा पाठ होता म्हणून वाचले. तुम्ही चेष्टेला लिहिलेला. म्हणून जास्त नाही बोलत."

ती गेल्यावर मिस्त्रीनं एक पुठ्ठ्याचा तुकडा कापला आणि लिहिलं: 'ही रायफल सव्वादोनशेवर लावली आहे. शंभरवर नऊ सेंटिमीटर वर लागेल. लागू द्यावी.' त्याखाली, न राहवून, बारीक अक्षरात: 'गोळी थकत नाही.' ती ओळ त्यानं खोडली. मग खोडलेली वाईट दिसते म्हणून पुठ्ठा नवा घेतला. नऊ टिक वर फिरवून तो दोऱ्यानं रायफलीला बांधला.

कर्नलनं पुठ्ठा बुधवारी वाचला. "हे काय नवीन?" मिस्त्रीनं फडकं खाली ठेवलं आणि सांगितलं. रबरी नळी, कमान, दोन भेटी. दोनदा आकडा मागे घेऊन पुन्हा सांगावा लागला. कर्नल मध्येमध्ये मान हलवत होता, कचेरीत टपाल घेताना हलवत असेल तशी. शेवटी म्हणाला, "हं. मग आधी बोलायचंस. तोंडात काय मूग भरले होते?"

गाढवानं लाथ मारली आणि ती नेमकी बसली.

पुढच्या शनिवारी दातांचे डॉक्टर आपली महागडी दुर्बीण झिरो करायला आले. पावसाळ्यानंतर त्यांना कुठंशा माळावर लांबचे नेम मारायचे होते. कर्नल त्यांच्याबरोबर पट्ट्यावर उभा होता, पितळी बटणं चमकत होती, आणि मिस्त्री मागच्या खोलीत उघड्या दारापाशी एका नळीतून तारेचा ब्रश ओढत होता.

"शंभरचं खूळ सोडा, डॉक्टर," कर्नल सांगत होता. "अडाणी लोकांचं काम ते. गोळीची कमान असते. मुलीला मीच हे सगळं शिकवलं. झिरो नेहमी लावायचा सव्वाशेवर."

डॉक्टरांनी खिशातून चिटोरं काढलं. "सव्वाशे?"

"सव्वाशे. डोळे मिटून."

मिस्त्रीच्या नाकात वारा भरून आला. किती दिवसांनी. बोलणारा कर्नल, ऐकणारे उलट्या दुर्बिणीतून पाहणारे डॉक्टर, आणि मध्ये शंभर मीटरची घोडचूक. अशी जोडी देवानं बसवून पाठवायची म्हटलं तरी जमायची नाही. लिहू दे. माळावर जाऊ दे. थकू दे गोळीला. त्यानं ब्रश आणखी एकदा आत घातला, बाहेर ओढला, आणि दारात आला.

"दोनशे," तो म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"सव्वादोनशे. सव्वाशे नव्हे. आणि तेही आमच्या रायफलीला. तुमची गोळी वेगळी आहे, ती आधी मोजावी लागेल. घेऊन या आत, मी दाखवतो." एवढं सगळं तो क्लबात कधी एका दमात बोलला नव्हता.

डॉक्टरांनी चिटोऱ्यावर खोडलं आणि कर्नलकडं पाहिलं.

"तेच म्हणालो मी," कर्नल म्हणाला.